तळणीचं तेल टाकीत जाऊ द्या

गेल्या पावसाळ्यात एक दहाचाकी ओढून माझ्या वर्कशॉपसमोर आणून लावली. सव्वीस वर्षं मी महामार्गालगत डिझेल पंप आणि नोझलचं काम करतोय. गाडी कशानं बसली, हे बऱ्याचदा मला वासावरूनच कळतं. फिल्टर खोलला तर वास डिझेलचा नव्हता, थिनरचा होता. पंप उघडला. प्लंजरवर आरशासारखी झिलई असते, तिथे नखाला लागाव्यात अशा उभ्या रेघा पडल्या होत्या. सहाच्या सहा नोझल गेलेले. मालक स्वतःच ड्रायव्हर. गाडी एकच, तिचेही हप्ते चालू.

"वस्ताद, बायोडिझेल होतं हो. लिटरमागं बारा रुपये वाचत होते," तो म्हणाला.

टाकीतलं थोडं इंधन मी बाटलीत काढून घेतलं. चाचणी साधी आहे. काचेच्या नळीत २७ मिली मिथेनॉल घ्यायचं, त्यात ३ मिली बायोडिझेल घालून हलवायचं आणि थांबायचं. खरं बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, नळी निवळशंख राहते. कच्चं राहिलेलं तेल किंवा खनिज तेल बुडाशी बसतं. (मिथेनॉल विषारी आहे, हा उद्योग घरी कुणी करू नये.) त्या गाडीचं इंधन जवळजवळ सगळं बुडाशी बसलं. बायोडिझेल म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

ही लूट आहे. महामार्गाच्या कडेला पत्र्याची शेड ठोकायची, टाकी पुरायची, कारखान्यांसाठी आलेलं बेस ऑइल आणि सॉल्व्हंट एकत्र करायचं आणि 'बायोडिझेल' म्हणून विकायचं. ३० एप्रिल २०१९ रोजी केंद्राने बायोडिझेलच्या विक्रीचे नियम काढले. आयएस १५६०७ हे मानक पाळलेलं बायोडिझेल, तेही डिझेलमध्ये मिसळण्यासाठीच विकायचं, असं त्यात स्पष्ट आहे. चोरांनी त्यातला एकच शब्द उचलला आणि पाटीवर लिहिला. अधूनमधून छापा पडतो, पंचनामा होतो, महिन्याभराने चार मैलांवर दुसरी शेड उभी राहते. ज्याची गाडी बसली त्याला कुणी भरपाई देत नाही. आणि तो पुढे आयुष्यभर दहा जणांना सांगत फिरतो की बायोडिझेलनं इंजिन जातं.

माझा खरा संताप याच गोष्टीचा आहे. कारण बायोडिझेलनं इंजिन जात नाही.

वर्कशॉपचा जनरेटर मी तीन वर्षं २० टक्के मिश्रणावर चालवतोय. बायोडिझेल परवानाधारक कारखान्यातून, प्रमाणपत्रासकट आणतो. सुरुवातीला दोन फिल्टर लागोपाठ चोक झाले. ते होणारच होतं, कारण बायोडिझेल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला गाळ सोडवतं आणि तो पुढे फिल्टरमध्ये येतो. जुने रबरी पाइप फुगतात, म्हणून तेही बदलले. त्यानंतर काही त्रास नाही. मागच्या दिवाळीत नोझल काढून पाहिले, टोकावर काजळीचा थर नखभरही नव्हता.

इंजिन मुळात डिझेलवरच चालायला हवं, असा काही नियम नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आज आपण तेल जसंच्या तसं वापरत नाही. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून तापवतो, तेलातून ग्लिसरीन सुटून खाली बसतं आणि वर पातळ, डिझेलसारखं वाहणारं इंधन राहतं. शंभर किलो तेलाला दहा किलोच्या आसपास मिथेनॉल लागतं. या इंधनात वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून ते जास्त पुरतं जळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा २० टक्के मिश्रणाने धुरातले कण सुमारे १० टक्क्यांनी आणि न जळालेले हायड्रोकार्बन सुमारे २१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. नायट्रोजनचे ऑक्साइड २ टक्क्यांनी वाढले, तेही सांगितलंच पाहिजे. २०२० पासून पंपावरच्या डिझेलमध्ये गंधक फार कमी झालंय, त्यामुळे गंधकाचा मुद्दा आता उरलेला नाही. पण माझ्या दारात येणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. त्यांच्या सायलेन्सरला काजळी अडवणारी जाळी नाही. त्यांचा धूर आमच्या पोरांच्या छातीत जातो.

मग हे इंधन मिळत का नाही? कारण वीस वर्षं आपण ते भलतीकडे शोधलं. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडावर भिस्त ठेवली. पडीक जमिनीवर एक कोटी हेक्टरच्या वर लागवड करायची आणि २०११-१२ पर्यंत २० टक्के मिश्रण गाठायचं, असा आराखडा होता. गुरं खात नाहीत म्हणून आपल्याकडे शेतकरी हा एरंड कुंपणाला लावतो. कुंपणाचं झाड पाण्याशिवाय जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि बियांनी लगडणं वेगळं. नाशिककडच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकातच हे पीक लावून, उतारा पडत नाही म्हणून सोडून दिलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. रोपवाटिकांची बिलं निघाली, झाडं वाळली. २००९ च्या धोरणाने तेच २० टक्के २०१७ वर ढकलले. २०१८ च्या धोरणाने ते ५ टक्क्यांवर आणले, मुदत २०३०. आजही देशातलं मिश्रण एक टक्क्याच्या आत आहे.

तेवढ्याच काळात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉलच्या मागे साखर कारखाने होते, कारखान्यांच्या मागे आमदार-खासदार होते. तळणीच्या तेलामागे कुणी नाही.

आणि तेल तर तिथेच आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नियम लागू केला की तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. त्याच वर्षी वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याची मोहीम काढली आणि २०२२ पर्यंत २२० कोटी लिटर तेल गोळा होऊ शकतं, असं सांगितलं. आपलं डिझेल वर्षाला नऊ कोटी टनांच्या घरात जातं. त्यात २२० कोटी लिटर म्हणजे जेमतेम दोन टक्के. यानं आखातातलं तेल बंद होणार नाही, असा दावा मी करतही नाही. बाकीची भर पामतेल आयात करून घालायची कल्पना मात्र मला मान्य नाही. इंडोनेशियाने डिझेलमध्ये ४० टक्के पामचं बायोडिझेल घालायचं ठरवलं, पण पामच्या मळ्यांसाठी तिथे जंगलं तोडली गेली. आपण तर खायचंच निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. पण हे दोन टक्के दुहेरी कामाचे आहेत. टाकीत गेलेला प्रत्येक लिटर कुणाच्या तरी पोटात जायचा वाचतो.

दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची आणि जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असा नियम आहे. पण वही तपासतो कोण? हॉटेलच्या मागच्या दारातून काळं तेल पंधरा लिटरच्या डब्यांत बाहेर पडतं आणि स्वस्तात वडा-भजीच्या गाड्यांवर पोचतं. बायोडिझेलवाल्याला ते त्याच भावात परवडत नाही, कारण खाण्यासाठी विकलेल्या तेलाला भाव जास्त मिळतो. चोरी थांबवल्याशिवाय हा भाव उतरणार नाही. माझी मागणी एवढीच आहे: डब्याचा माग काढा. हॉटेलने किती नवं तेल घेतलं आणि किती जुनं दिलं, या दोन आकड्यांचा मेळ दर महिन्याला लावा. आणि ५० लिटरच्या खालच्यांसाठी नगरपालिकेने कचऱ्याच्या गाडीसारखी गाडी फिरवावी, जागेवर रोख पैसे द्यावेत.

वर्कशॉपसमोर संध्याकाळी एक वडापावची गाडी लागते. परवा मी त्या बाईंना विचारलं, "मावशी, हे तेल किती दिवसांचं?" कढईच्या कडेने तपकिरी फेस येत होता आणि धुराने डोळे चुरचुरत होते.

"खोटं कशाला बोलू दादा, चार दिवसांचं," त्या म्हणाल्या. "ओतू कुठं? गटारात ओतलं तर पालिकावाला दंड करतो. ते तेल नेणारे आले होते एकदा. रोजचं किती निघतं विचारलं, दोन लिटर म्हटलं, तर गेले निघून."

बोलता बोलता त्यांनी झारा फिरवला आणि पुढचा घाणा सोडला.