मतदान वेचणीत नको



नेरूळसारख्या शहरी वसाहतीत सोसायटीच्या आवारात दारूचे नवे दुकान उघडायचे तर सोसायटीची ना-हरकत लागेल, असे सरकारने मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केले. चांगले झाले. पण गावात आधीच थाटलेल्या दुकानाचे काय?

त्यासाठी 2008 पासूनचा नियम आहे. 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान होते. निम्म्याहून अधिक बायांनी बाटली आडवी केली की दुकान बंद.

मेख इथेच आहे. निम्म्या मोजतात त्या यादीतल्या, मतदानाला आलेल्यांतल्या नव्हे. यादीत 600 बाया असतील तर 301 मते हवीत. जी आली नाही, तिचे मत दुकानदाराला गेले असेच धरा. वेचणीत मतदान आले तर बाया कपाशीत आणि दुकान जागेवर! म्हणून मागणीचा अर्ज वेचणी-काढणी उरकल्यावरच द्या. मतदानादिवशी चूल आणि लेकरे गड्यांनी सांभाळावीत.

दुकान गेले की हातभट्टी डोके काढते. तिला मतदान लागू नाही. त्यासाठी 2016 च्या कायद्याने ग्रामरक्षक दलाची सोय आहे. ग्रामसभेत ठराव करा.

घामाचा दाम मागायचा आणि आलेला दाम गुत्त्यावर ठेवायचा, हे आता पुरे!