मॅन्युअलचा हट्ट कशाला?

आपल्या फोटोग्राफी क्लबमध्ये एक अलिखित नियम आहे. नवीन मुलाच्या हातात कॅमेरा दिला, की डायल लगेच 'एम'वर फिरवायची. एम म्हणजे मॅन्युअल. ऑटोवर फोटो काढतो तो फोटोग्राफरच नव्हे, असं सिनियर मंडळींचं ठाम मत! मला ते मुळीच पटत नाही.

होतं काय, की एफ.ई.चा मुलगा उत्साहाने येतो. त्याला एका दमात शटर स्पीड, अपर्चर आणि आय.एस.ओ. असं तिन्ही सांगितलं जातं. मग एक फोटो काळाकुट्ट, दुसरा पांढराफटक. का, ते कळत नाही, कारण बिचाऱ्याने तिन्ही एकदम बदललेलं असतं. लॅबमध्ये आपण असं करतो का? एक व्हेरिएबल बदला, बाकीची कॉन्स्टंट ठेवा, हे तर पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात. दोन आठवड्यांत तो यायचा बंद होतो आणि कॅमेरा पुन्हा कपाटात.

खरं तर कंपन्यांनी मधली सोय केलेली आहे. निकॉनवर 'एस' आणि 'ए', कॅननवर 'टीव्ही' आणि 'एव्ही'. 'एस'वर शटर आपण ठरवायचं, अपर्चर कॅमेरा बघतो. 'ए'वर उलट.

शटर शिकायला होस्टेलच्या पंख्यासारखा मास्तर नाही. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो असं धरा. म्हणजे सेकंदाला ५ फेरे, १८०० अंश. १/१५ सेकंदात पातं १२० अंश फिरतं, थेट पुढच्या पात्याच्या जागी. फोटोत नुसती तबकडी! १/२५० ला तेच पातं जेमतेम ७ अंश सरकतं आणि पंखा जवळजवळ थांबलेला दिसतो. पण आता फोटो अंधारा येईल, कारण लेन्स याहून जास्त उघडत नाही. मग आय.एस.ओ. वाढवा. दाणे येतील, येऊ देत. कशाची किंमत कशात मोजायची ते गादीवर पडल्या पडल्या कळतं.

अपर्चरचं थोडं वेगळं आहे. कॉन्व्हेंटमुळे मला हा शब्द आधीपासून पाठ होता, पण डोक्यात प्रकाश पडला तो रूममेटने 'अगं, भोक!' म्हटल्यावर. एफ/८ मधला ८ हा भाजक आहे, बस. ५० मि.मी.ची लेन्स असेल तर एफ/२ ला भोक २५ मि.मी., एफ/८ ला सव्वासहा. आकडा मोठा, भोक लहान. हे एवढं कुणी सांगतच नाही.

ऑटोवरच राहा असं माझं म्हणणं नाही. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. गॅदरिंगला मागे काळा पडदा असला, की तो फसतो आणि नाचणाऱ्यांचे चेहरे पांढरे पडतात. तिथे कॉम्पेन्सेशन उणे एक करायचं. पांढऱ्या कपड्यांतल्या परेडला अधिक एक. हे कळणं 'एम' लावण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं मला. आतषबाजी किंवा ताऱ्यांचे फोटो काढताना 'एम' लागतोच, तेव्हा शिकू की!

मागच्या वर्षी बक्षीस समारंभाला आमच्या विंगमधल्या एका मुलीचे वडील गावाहून आले होते. पहिल्यांदाच. क्लबचा कॅमेरा 'एम'वर होता, बाहेरच्या उन्हातलं सेटिंग तसंच राहिलेलं. हॉलमध्ये लेकीबरोबरचा त्यांचा फोटो पूर्ण काळा आला. 'ए'वर असता तर शटर आपोआप खाली आलं असतं, फार तर थोडा हलला असता. कळलं तेव्हा ते संध्याकाळच्या एस.टी.ने निघूनही गेले होते.

तेव्हा सिनियर मंडळींनो, यंदाच्या बॅचला पहिल्या दिवशी डायल 'एस'वर ठेवून एखाद्या पंख्याखाली बसवा. आमची रूम रविवारी मोकळी असते, पंखाही चालू आहे.