फाशीचा योग्य वेग कोणता?

अमानुष गुन्हा घडला की मोर्चा निघतो आणि एकच मागणी होते: खटला जलदगती न्यायालयात चालवा, सहा महिन्यांत लटकवा! या घाईच्या भक्तांनी नाशिकचं एक प्रकरण जरूर वाचावं.

2003 साली नाशिक जिल्ह्यात दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही फाशीच सुनावली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चौघे ओळखले होते, पण त्यांच्या मागे कुणी गेलंच नाही. 16 वर्षांची भरपाई प्रत्येकी 5 लाख, म्हणजे दिवसाला साधारण 85 रुपये!

या सहा जणांना कुणी वाचवलं? आपण ऊठसूट शिव्या घालतो त्या दिरंगाईने. मोर्चाचं ऐकलं असतं, तर 2019 चा निकाल सहा मुडद्यांना वाचून दाखवावा लागला असता.

मग दिरंगाई चांगली? तेही नाही. पुण्यात 2007 मध्ये बीपीओतल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यातल्या दोघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केली आणि 35 वर्षांची कैद दिली. कारण अंमलबजावणीत झालेला चार वर्षांहून अधिक विलंब. रोज मरणाची वाट पाहायला लावणं हाच छळ, हे न्यायालयाला पटलं. म्हणजे लवकर लटकवा तर निरपराध मरणार, थांबा तर छळ होणार. या शिक्षेचा माणुसकीला धरून असलेला वेग कोणता, ते एकदा सांगाच.

आपण मात्र दोराची चर्चा करतो. गळफास क्रूर नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच दिला. आता इंजेक्शन बरं की दोर बरा, यावर वाद घाला. चुकून मारलेल्याला त्याने काय फरक पडणार?

“तुमच्या घरात घडलं असतं तर?” हा ठरलेला प्रश्न. माझ्या घरात घडलं असतं, तर मला खरा गुन्हेगार हवा असता. पोलिसांच्या हाती लागले म्हणून उभे केलेले सहा गरीब नव्हे. नाशिकच्या त्या कुटुंबाला 16 वर्षांनी तोही मिळाला नाही.

फाशीच रद्द करावी, असं मत बाबासाहेबांनी 1949 मध्ये संविधान सभेत मांडलं होतं. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या एकाही सरकारला ते पेललेलं नाही. मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याची सोय कायद्यात आहे; तिथे चूक उघडकीला आली तर निदान दार उघडता येतं. जी चूक दुरुस्त करता येत नाही, ती करण्याचा परवाना सरकारकडून काढून घ्या.