डब्याआधी नकाशा

आमच्या शाळेत एक पत्र्याचा डबा आहे. पूर आला, वादळ आलं, कुणी आजारी पडलं की तो कपाटातून निघतो आणि वर्गावर्गातून फिरतो. वीसेक वर्षं मी उर्दू आणि मराठी शिकवतोय, त्यामुळे हा डबा मी किती वेळा फिरवला याचा हिशेब नाही. भूगोलाला शिक्षक कमी पडले म्हणून २०२३ च्या जूनमध्ये भूगोल मंडळ माझ्या गळ्यात आलं. त्या एका वर्षात या डब्याबद्दलचं माझं मत बदललं.

सुरुवात साधी होती. प्लास्टिकच्या बाटल्या कापून मुलांनी पर्जन्यमापक केले. जुलैअखेरीस आपल्या किनाऱ्यावर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, ती पाहायला काठ्या रोवल्या. पण ढगांनी सूर्यच दिसू दिला नाही. कोकणातल्या मुलांना शून्य सावली पाहायची तर मे महिन्यातच, आणि तेव्हा शाळेला सुट्टी!

त्याआधीच, १९ जुलैच्या रात्री, आपल्याच जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, पन्नासाहून अधिक माणसं सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावं लागलं. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रं वर जाऊ शकली नाहीत. शाळेत लगेच डबा निघाला. मुलांनी खाऊचे पैसे टाकले, काहींच्या वडिलांनी कुवेत-दुबईहून पाठवले. रक्कम चांगली जमली. ती द्यायच्या वेळी फोटो काढायचं ठरलं, तेव्हा नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, घेणाऱ्यांचा फोटो नका काढू.”

मी गप्प झालो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा या मुलीच्या घराचे पत्रे उडाले होते आणि वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या. रेशनची पिशवी घेताना तिच्या अब्बांचा फोटो काढला गेला आणि गावभर मोबाईलवर फिरला. तो फोटो मी काढला होता. डाव्या हाताला कळू नये असं उजव्या हाताने द्यावं, हे मीच वर्गात शिकवतो.

त्या दिवशी फोटो काढला नाही. पण तिच्या बोलण्याने दुसराही विचार सुरू झाला. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. आमची पिशवी महिनाभर पुरली असेल. उरलेल्या वर्षांचं काय, हे डब्याने कधी विचारलं नाही.

मग मंडळाचं काम बदललं. मुलांनी आपल्याच गावाचा नकाशा काढला. डोंगराच्या उताराखाली कोणती घरं आहेत, भराव टाकून कोणता नाला बुजवला, उधाणाच्या भरतीत कोणता रस्ता पाण्याखाली जातो, म्हातारी माणसं कुठे एकटी राहतात, हे सगळं त्यांनी त्यावर टाकलं. जुन्या लोकांना विचारलं, कारण नाला कुठून वाहायचा हे त्यांनाच आठवतं. नऊ घरं अशी निघाली की ज्यांच्या मागची माती पावसाळ्यात दरवर्षी थोडी थोडी सरकते. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. ही गोष्ट मुलांनी वाचली होती, म्हणून आमची घरं कुठल्या यादीत आहेत का, हा प्रश्न त्यांनीच काढला.

१४ जानेवारी हा डॉ. सी. डी. देशपांडे यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात भूगोल दिन म्हणून पाळतात. २०२४ मध्ये त्या दिवशी रविवार होता, म्हणून आदल्या दिवशी पालकांना बोलावून नकाशा भिंतीवर लावला. काही पालक नाराज झाले. “मुलांना घाबरवता कशाला? वर्गणी काढा, सवाबचं काम आहे,” असं एकजण म्हणाले. त्यांचं म्हणणं मी टाळत नाही. देण्याची सवय लहानपणीच लागते, आणि जकात तर फर्ज आहे. इर्शाळवाडीसाठी जमलेली पै न् पै तिकडेच गेली, कारण ती अमानत होती. माझं म्हणणं एवढंच आहे की नुसतं देणं शिकलेलं मूल पुढच्या दरडीची वाट पाहतं आणि पुन्हा डबा काढतं. घर त्या उताराखाली का होतं, रस्ता का नव्हता, हे विचारायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि विचारणं हे उपकार मागणं नव्हे. नालीची सफाई, संरक्षक भिंत, सुरक्षित जागा हा त्या नऊ घरांचा हक्क आहे. हक्काच्या जागी आपण सदका ठेवला की देणाऱ्याला समाधान मिळतं आणि घेणारा कायम मिंधा राहतो.

नकाशासोबत मुलांनी अर्ज लिहिला. उर्दू माध्यमाची मुलं, पण अर्ज मराठीत, शुद्धलेखनाच्या चार चुका मी मुद्दाम तशाच ठेवल्या. जिथे द्यायचा तिथे दिला, पोच घेतली. उत्तर अजून नाही. रमजान संपला, उन्हाळ्याची सुट्टी लागेल आणि मग पाऊस येईल.

डबा मी फेकलेला नाही. तो कपाटातच आहे, फक्त कपाटाच्या दारावर आता नकाशा चिकटवलाय. डबा काढायचा तर आधी तो समोर येतो. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात त्या नऊ घरांपाशी जायचं, असं मुलांनी ठरवलंय. अर्जाची पोचही सोबत न्यायची आहे.