उदाच्या तारांचा ताण

उन्हाळ्याची सुटी संपवून आम्ही शाळेचे संगीतदालन उघडले, तेव्हा कोपऱ्यातील ऊद भग्नावस्थेत आढळला. त्याची घोडी तबलीपासून उखडून अकराही तारांसह लोंबत होती, आणि जाताना तबलीच्या लाकडाचे दोनचार कपचेही घेऊन गेली होती. मस्कतेस नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने हे वाद्य मोठ्या हौसेने शाळेस पाठविले होते. पुष्कळांनी दोष हवेस दिला, काहींनी कारागिरास दिला. आम्हांस मात्र ठाऊक होते की, दोष सर्वस्वी आमचा होता. स्नेहसंमेलनात एका गायकाचा आवाज चढा, म्हणून आम्हीच सगळ्या तारा एक पूर्ण स्वर चढवून लावल्या, आणि पुढे त्या उतरविण्याची आठवण कोणासच राहिली नाही.

या प्रसंगाने एक वाद आमच्या मंडळीत सुरू झाला, तो अद्याप शमलेला नाही. तार जितकी ताणावी तितका नाद मोठा व तेजस्वी, असा एक पक्ष आहे. आमचा पक्ष याच्या उलट आहे, व तो येथे मांडण्याची परवानगी आम्ही वाचकांकडे मागतो.

प्रथम वाद्याची ओळख करून देणे अवश्य आहे. 'ऊद' या अरबी शब्दाचा अर्थ लाकूड. आपल्या उदबत्तीतील ऊद तोच. पातळ पट्ट्या जोडून केलेले पेरूच्या आकाराचे पोट, आखूड गळा, मागे वळलेले खुंट्यांचे डोके, आणि पडदे मुळीच नाहीत. बहुधा तारांच्या पाच जोड्या व खर्जाची एकटी तार, मिळून अकरा. तबली जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, आणि घोडी तिच्यावर केवळ सरसाने चिकटविलेली. सतारीची घोडी तारांच्या दाबाने तबलीवर बसते व तारा खाली लंगोटास बांधलेल्या असतात. उदाच्या तारा घोडीसच बांधतात, त्यामुळे सगळी ओढ त्या सरसावर येते. सामान्यतः प्रत्येक तारेचा ताण तीन ते साडेतीन किलोंच्या आसपास असतो. अकरा तारांचा मिळून झाला सुमारे ३५ किलो, म्हणजे पाचवीतील एखादा धष्टपुष्ट मुलगा त्या पातळ फळीस रात्रंदिवस लोंबकळत आहे असे समजावे!

आता तारेचा नियम पाहा. लांबी व तार तीच ठेवून स्वर चढवावयाचा, तर ताण स्वराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सप्तक चढवावयास ताण दुप्पट नव्हे, चौपट लागतो. ही गोष्ट सोळाव्या शतकाच्या अखेरीस विन्चेन्झो गॅलिली याने वजने टांगून दाखविली. हा सुप्रसिद्ध गॅलिलिओचा पिता, आणि स्वतः ल्यूट वाजविणारा होता. ल्यूट म्हणजे उदाचेच युरोपात गेलेले वंशज. पुढे १६३६ साली मेर्सेन याने हे नियम नीट ग्रंथबद्ध केले. एक पूर्ण स्वर चढविला की ताण सुमारे सव्वापट होतो. आमच्या उदावर त्या एका पदापायी नऊएक किलोंचा बोजा वाढला, आणि तो सबंध सुटीभर तसाच राहिला. सरसाने किती सोसावे?

ज्यांच्या घरचे हे वाद्य, ते लोक काय करतात? पेटीच्या पट्ट्यांनी सांगावयाचे तर, अरबांच्या एका प्रचलित मेळात खर्जाकडून पांढरी एक, पांढरी चार, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, व शेवटी वरची पांढरी एक असे स्वर येतात. वरच्या जोड्या एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर, खालच्या तारा मात्र वाजविणाराच्या आवडीप्रमाणे बदलतात. तुर्कस्थानात वरच्या चारही जोड्या एक पूर्ण स्वर चढ्या असतात. आमच्या प्रतिपक्षाने हाच दाखला आमच्यापुढे टाकला: तुर्कांस चालते, मग आपणांस का नाही? उत्तर साधे आहे. अरबी उदाच्या तारेची वाजती लांबी सुमारे ६१ सेंटिमीटर, तर तुर्की उदाची सुमारे साडेअठ्ठावन्न. लांबी कमी, म्हणून तोच स्वर कमी ताणात मिळतो. शिवाय ते त्या वाद्यासाठी तारही बारीक निवडतात. त्यांचा स्वर घ्यावा आणि त्यांची लांबी व तार घेऊ नये, हा तुर्कांचा दाखला नव्हे, आमचा आळस होय. बगदादच्या परंपरेत तर मुनीर बशीर (मृत्यू १९९७) यांनी नेहमीच्या सर्वांत वरच्या जोडीच्याही वर मध्यमाची एक जोडी चढविली. पण हाच स्वर जुन्याच तारेतून ओढून काढावयाचा, तर ताण पावणेदोनपटीहून अधिक झाला असता. अशा जोडीस बारीक तार लागते: जेथे ०.६० मिलिमीटरची तार पुरते, तेथे मध्यमावर ०.४५ ची घालावी, म्हणजे ताण जिथल्या तिथे राहतो. स्वर ज्या प्रमाणात वर, जाडी त्याच प्रमाणात कमी. याहून सोपे गणित आमच्या मुलांस कोणते हवे?

खालच्या तारांची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही, आणि खरी मौज येथेच आहे. दहाव्या शतकातील बसऱ्याच्या 'इखवान अस्-सफा' या विद्वन्मंडळाने उदाच्या चार तारांस रेशमाचे किती धागे घ्यावेत हे लिहून ठेवले आहे: बम्म ६४, मथलथ ४८, मथना ३६, झीर २७. प्रत्येक पायरी चारास तीन, म्हणजे नेमके मध्यमाचेच प्रमाण. आकडे पाहून मन प्रसन्न होते. पण कागद घेऊन हिशेब केला, तर त्या धाग्यांनी प्रत्येक खालच्या तारेचा ताण वरच्या तारेच्या पाऊणपट भरतो, व बम्म झीरच्या निम्म्याहूनही सैल पडते. सर्वांचा ताण सारखा हवा असेल, तर झीरच्या २७ धाग्यांवर बम्मेस सुमारे १५२ धागे लागतील. आणि इतकी जाड रेशमी तार वाजेल ती घोंगडीवर थाप मारल्यासारखी. तेव्हा ते विद्वान गणितात चुकले असे आम्ही म्हणत नाही. जाड तार बहिरी होते, सैल तार खडखडते, या दोहोंच्या मध्ये कोठेतरी थांबणे भाग असते. आज रेशमाच्या किंवा नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळतात, म्हणजे जाडी फारशी न वाढता वजन येते. तरीही आमच्या मते खालच्या तारा वरच्यांहून किंचित सैल ठेवणेच बरे. रीशा, म्हणजे पूर्वी गरुडाचे पीस व आता बहुधा शिंगाची किंवा प्लॅस्टिकची लांब पट्टी, हिचा घाव हलका असतो. ती ताठ खर्जावर आपटून नुसता आवाज करते, नाद काढीत नाही.

मग चढ्या आवाजाच्या गायकाने काय करावे? तुर्की वादकांनी यावर फार पूर्वी उपाय काढला. नै या बासरीच्या निरनिराळ्या लांबींवरून त्यांनी पट्ट्यांस नावे दिली, आणि गायकाच्या गळ्याप्रमाणे वादक ती पट्टी पकडून बोटे सरकवितात. उदास पडदे नाहीत, त्यामुळे कोठेही जाता येते. मोकळ्या तारांचा गुंजारव थोडा कमी मिळतो, एवढेच. तो गुंजारव हवाच असेल, तर तारा बदलाव्या. आपल्याकडेही काळी चारच्या गायकाचा तंबोरा काळी एकच्या तारा घालून कोणी लावीत नाही. मिरजेच्या कोणत्याही तंबोरेवाल्यास विचारा. तो प्रथम पट्टी विचारील, मग तार देईल.

आमचे स्नेही म्हणतात की, सैल ताणाने सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाही. हे खरे आहे. परंतु ऊद मुळात शंभर माणसांच्या बैठकीचे वाद्य, हजारांचे नव्हे; त्याचा आवाज वाढवावयाचा असल्यास ध्वनिक्षेपक जवळ सरकवावा. आणखी एक सूचना. जोडीतील दोन्ही तारा एकाच जाडीच्या व एकाच वेळी घातलेल्या असाव्या. एक नवी व एक जुनी असली की त्या कितीही मिळविल्या तरी बोट ठेवताच वेगळ्या बोलू लागतात. ही खोड वाद्याची आहे असे समजून आम्ही एक महिना फुकट घालविला.

एका जुन्या कारागिराने घोडी पुन्हा सरसाने बसवून दिली. तीन दिवस शिकंज्यात ठेवून त्याने ऊद परत केला, तो तारांवाचून. तारा तुम्हीच घाला, पण या वेळी मोजून, असे तो म्हणाला. आम्ही जाडी मोजून तारा घातल्या व पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून ठेवली आहे. यंदा सुटीस जाताना सर्व खुंट्या दोनदोन फेरे सैल करण्याचे काम आठवीच्या दोन विद्यार्थ्यांकडे दिले आहे, आणि त्यांची नावे दालनाच्या दारावर लाविली आहेत.