उसन्या साहित्याची यादी

जें काम आपण दुसऱ्याच्या साह्यानें सिद्ध केलें, त्यासोबत त्या साह्याचा स्पष्ट उल्लेख असावा, हा प्रामाणिकपणाचा साधा नियम होय. हिशेबाच्या वहींत आपण तो पाळतों. निबंध लिहितांनाही पाळावा, असें शिक्षक सांगतात. संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींस मात्र ह्या नियमाची खरी किंमत कळावयास बराच त्रास सोसावा लागला. ती हकीकत थोडक्यांत सांगून, आमच्या शाळांतून आज्ञावली-लेखन शिकवितांना ह्या नियमास पहिलें स्थान द्यावें, असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गणितांत 'फलन' म्हणून एक कल्पना आहे. फलनास एक संख्या द्यावी, तें दुसरी संख्या परत देतें. आणि तीच संख्या पुन्हां दिली असतां उत्तरही तेंच येतें. सोमवारीं एक उत्तर व मंगळवारीं दुसरें, असा प्रकार तेथें नाहीं. ह्या कल्पनेच्या पायावर ज्या संगणकभाषा उभारल्या गेल्या, त्यांस फलनप्रधान भाषा म्हणतां येईल. हॅस्केल ही त्यांपैकीं एक प्रमुख भाषा होय. इ. स. १९८७ मध्यें अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं भरलेल्या परिषदेच्या वेळीं कांहीं विद्वानांनीं तिची योजना आरंभिली, व १९९० मध्यें तिचें पहिलें विवरण प्रसिद्ध झालें. हॅस्केल ब्रुक्स करी (१९००–१९८२) ह्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या नांवावरून तिला हें नांव मिळालें.

परंतु कोणताही मनुष्य आपली आज्ञावली मुळापासून शेवटपर्यंत एकटा लिहीत नाहीं. तारखा मोजणें, मजकूर वाचणें, चित्रें काढणें अशा नित्याच्या कामांसाठीं इतरांनीं लिहून ठेविलेले तयार संच तो उसने घेतो. ह्या संचांस पॅकेज म्हणतात. हॅस्केलचीं पॅकेजें 'हॅकेज' नामक सार्वजनिक भांडारांत ठेविलेलीं असतात व तीं कोणासही मोफत मिळतात. प्रत्येक पॅकेज दुसऱ्या कांहीं पॅकेजांवर अवलंबून असतें, तीं आणखी तिसऱ्यांवर. शिवाय प्रत्येकाच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत असतात. कोणतीं पॅकेजें हवींत व त्यांच्या कोणत्या आवृत्त्या चालतील, हें लिहून ठेवण्यासाठीं, व त्याप्रमाणें तीं आणून जुळविण्यासाठीं, 'कॅबल' नांवाचें साधन निर्माण झालें.

पूर्वीं ह्या व्यवस्थेंत दोन उणीवा होत्या. एक अशी कीं, संगणकावरील सर्व कामांचीं पॅकेजें जणूं एकाच सामाईक कपाटांत ठेविलीं जात. नवें काम बसवितांना त्यांतील एखादें पॅकेज पुन्हां बांधलें जाई, आणि त्याच्या आधारावर उभें असलेलें जुनें काम मोडे. दुसरी अशी कीं, यादींत बहुधा आवृत्तीची मर्यादा लिहिलेली असे, नेमकी आवृत्ति नसे. त्यामुळें आज जुळविलेलें साहित्य व सहा महिन्यांनीं जुळविलेलें साहित्य एकच असेल, ही खात्री नव्हती. ह्या दुर्दशेला त्या मंडळींनींच 'कॅबलचा नरक' असें नांव दिलें. ज्या भाषेनें 'तेंच दिल्यास तेंच मिळेल' असें वचन दिलें, त्याच भाषेंतील आज्ञावली एकाच्या यंत्रावर उभी राही व दुसऱ्याच्या यंत्रावर कोसळे!

ह्यावर तोडगा निघाला. 'स्टॅकेज' ह्या उपक्रमांत परस्परांशीं जुळणाऱ्या पॅकेजांची, प्रत्येकाच्या नेमक्या आवृत्तीसह, यादी करण्यांत येते. तीं सर्व एकत्र बांधून पाहिल्यावरच ती यादी प्रसिद्ध होते व पुढें बदलत नाहीं. इ. स. २०१५ मध्यें 'स्टॅक' हें साधन प्रसिद्ध झालें. आज्ञावली लिहिणाऱ्यानें एका लहानशा कागदावर ह्या यादीचें नांव लिहावें. मग स्टॅक त्या आवृत्त्या आणतें, इतकेंच नव्हे तर हॅस्केलचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा कंपायलरही त्याच यादींतला आणतें. कॅबलमध्येंही सुधारणा झाल्या. २०१९ मधील त्याच्या ३.० ह्या आवृत्तीपासून प्रत्येक कामाचें साहित्य वेगळें राखण्याची रीति नित्याची झाली, आणि नेमक्या आवृत्त्या गोठवून लिहून ठेवण्याचीही सोय त्यांत आहे. आज दोन्ही साधनें वापरांत आहेत. मार्ग भिन्न, परंतु तत्त्व एकच: काय उसनें घेतलें, तें नेमकें लिहा.

आतां आपल्या शाळांकडे वळूं. विद्यार्थ्यानें शाळेंतील संगणकावर आज्ञावली तयार केली. घरीं ती चालेना. शिक्षकांस वाटतें, मुलानें आळस केला. पालकांस वाटतें, यंत्र जुनें झालें, नवें घेतलें पाहिजे. मुलास तर आपल्याच बुद्धीचा संशय येतो. पुष्कळदां दोष ह्यांपैकीं कोणाचाच नसतो. उसन्या साहित्याची यादी तेवढी कोणीं लिहिलेली नसते. एवढ्याशा कारणानें एखादें मूल ह्या विद्येपासून कायमचें दूर जावें, ही हानि लहान नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी. भाषा कोणतीही शिकवा. परंतु प्रत्येक कामासोबत भाषेची आवृत्ति व उसनीं पॅकेजें ह्यांची यादी मागावी, आणि दहांपैकीं दोन गुण तिच्यासाठीं राखावे. गुण देण्यापूर्वीं दुसऱ्या विद्यार्थ्यानें केवळ त्या यादीच्या आधारें तें काम दुसऱ्या यंत्रावर चालवून दाखवावें.

कोणी म्हणेल, आवृत्त्या अशा बांधून टाकल्या तर जुने दोषही बांधले जातील. नव्या आवृत्तींत दुरुस्त झालेली उणीव आपल्याकडे तशीच राहील. आक्षेप खरा आहे. परंतु ज्याच्याजवळ यादीच नाहीं, त्यास आपल्या घरांत कोणता दोष आहे हें तरी कसें कळावें? यादी असावी, ती वेळोवेळीं तपासावी, बदल करावयाचा तो जाणूनबुजून करावा, व बदलल्यावर काम पुन्हां चालवून पाहावें. दुसरें कोणी म्हणेल, मुलांस प्रथम निर्मितीचा आनंद मिळूं द्या, हा कारकुनी व्याप मागाहून. पण चार ओळी लिहिण्यास कितीसा वेळ लागतो? आणि आपली निर्मिति मित्राच्या घरीं चालली नाहीं, तर तो आनंद तरी किती टिकणार?

खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्या दोन मनुष्यांचा दृष्टान्त आमच्या मुलांस परिचित आहे. निरभ्र दिवशीं तीं दोन्ही घरें सारखींच दिसलीं असतील. पूर आला तेव्हां पायांतील भेद कळला. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या आज्ञावलीखालीं काय आहे, हें तुम्हांस ठाऊक असूं द्या व इतरांस वाचतां येईल असें लिहून ठेवा. त्या यादींतील प्रत्येक नांवामागें, आपलें श्रम विनामूल्य देणारा कोणी तरी मनुष्य आहे. त्याची आठवणही तेथें राहील. आणि पालकांनीं नवें यंत्र विकत घेण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारावें: 'बाळ, तुझी यादी कोठें आहे?'