खेळाची चाल, गाण्याची चाल

वरून पडणाऱ्या विटा रचत बसायचा ‘ब्रिक गेम’ एके काळी यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात हमखास दिसे. त्याचा मूळ अवतार म्हणजे टेट्रिस. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या गेमबॉयवर टेट्रिस आला आणि त्याची एक चाल जगभर पसरली. ती चाल संगणकासाठी रचलेली नव्हतीच. ‘कोरोबेइनिकी’ हे रशियातले जुने लोकगीत. त्याचे शब्द निकोलाय नेक्रासोव या कवीच्या १८६१ च्या कवितेतले. पाठीवर पेटी घेऊन गावोगाव माल विकणारा फेरीवाला हा त्याचा नायक. आज ती धून कानावर पडली की कोणालाही फेरीवाला आठवत नाही, विटा आठवतात. १९९२ मध्ये तीच चाल नाचाच्या ठेक्यावर वाजवलेली तबकडी इंग्लंडच्या पहिल्या दहा गाण्यांत गेली होती.

खेळातले संगीत आणि आधीची गाणी यांतले साम्य शोधण्याचा छंद आता मोबाइलमुळे बेंबळीतही पोचला आहे आणि पुण्यातही. दोन तुकडे शेजारी ठेवायचे, खाली ‘चोरली’ असा शिक्का मारायचा. गंमत म्हणून ठीक. पण हा शिक्का माणसाच्या नावाला चिकटतो, म्हणून कान आणि मेंदू हे काम कसे करतात ते पाहिलेले बरे.

नवी चाल ऐकताना आपला मेंदू नेमके सूर टिपत नाही. आधी टिपतो तो चढउतार. सूर वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, एवढेच. डेनिस पार्सन्स या इंग्रज अभ्यासकाने १९७५ मध्ये याच तीन खुणांवर चाली शोधण्याचा कोशच काढला. आता हिशेब करा. सहा सुरांचा तुकडा म्हणजे पाच पावले, प्रत्येक पावलाला तीन शक्यता. तीनला तीनने गुणत गेलो की एकूण आराखडे निघतात २४३. जगात गाणी किती? तेव्हा सुरुवातीचे साम्य सापडले तर नवल नाही, न सापडले तरच नवल.

त्यातही जुन्या खेळांची अडचण वेगळी होती. निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रात आवाजाच्या वाटा फक्त पाच, आणि त्यातली एक निव्वळ खरखरीची, म्हणजे तालवाद्याच्या कामाची. वाद्यमेळ नाही, गळा नाही. सगळा भार चालीवर. ती सोपी हवी, शंभरदा ऐकली तरी कंटाळा येता कामा नये. कोजी कोन्दो यांनी १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ’साठी केलेली धून अशीच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती जपण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. खेळाच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. शिवाय जपानी शालेय गीतांत आणि लोकप्रिय गाण्यांत रुळलेला एक पाच सुरांचा मेळ म्हणजे आपल्या भूपाचेच सूर. सा रे ग प ध. त्या मेळातली चाल ऐकून मराठी कानाला ओळखीचे वाटले तर त्यात कोणी कोणाचे काही उचललेले नसते.

उसनवारी नेहमी गाण्याकडून खेळाकडेच होते असेही नाही. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सन मुंबईत गाऊन गेला, ती धामधूम अनेकांना आठवत असेल. त्याचे ‘स्ट्रेंजर इन मॉस्को’ १९९५ च्या अल्बममधले. पण ‘सॉनिक ३’ या १९९४ च्या खेळाच्या शेवटच्या नामावलीखाली वाजणारे संगीत त्याच्याशी विलक्षण जुळते. जॅक्सनचा सहकारी ब्रॅड बक्सर याने हा धागा पुढे मान्य केला. म्हणजे लोकांनी खेळात आधी ऐकले, गाण्यात नंतर.

मग खरी नक्कल नसतेच का? असते, आणि कधी कधी करणाऱ्यालाही ती कळत नाही. कधीतरी ऐकलेले डोक्यात राहते, कुठे ऐकले ते पुसले जाते आणि ती चाल स्वतःला सुचली असे वाटते. मानसशास्त्र याला क्रिप्टोम्नेशिया म्हणते. आपण लपलेली आठवण म्हणू. जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’वरच्या खटल्यात १९७६ मध्ये न्यायाधीशांनी हेच म्हटले: जाणूनबुजून नसेल, पण नकळत उचलले. हेतू नव्हता म्हणून जबाबदारी काही टळली नाही.

आमच्या मते या सगळ्यात काळजीचा मुद्दा निराळा आहे, आणि तो धाराशिव जिल्ह्याच्या जवळचा आहे. खेळ आता इथेही तयार होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. त्याला भारतीय वळणाचे संगीत दिले लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने. असे खेळ आणखी येतील आणि त्यांना संबळ, हलगी, आराधी मंडळींची गाणी हवी असतील. तुळजापूरच्या नवरात्रात मोबाइल पुढे धरला की हे सारे पाच मिनिटांत मिळते. आपल्या कायद्यात गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पिढ्यानपिढ्यांच्या पारंपरिक चालीला असा एक मालक नाही, त्यामुळे ती कोणीही घ्यावी. पण गाणाऱ्याच्या आवाजाची आणि वाजवणाऱ्याच्या हाताची गोष्ट वेगळी. कलाकाराच्या सादरीकरणाचा हक्क कायदा ५० वर्षे मानतो. चाल सर्वांची असली तरी त्या दिवशी ती वाजवणारा गोंधळी एकच होता.

साम्याचे व्हिडिओ करणाऱ्यांनी हे शोधावे. कोणत्या दोन चाली सारख्या, यापेक्षा या आवाजामागचा माणूस कोण आणि त्याला काय मिळाले, हे विचारावे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी निदान चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कलाकाराचे नाव, गाव, तारीख आणि कशासाठी संमती दिली ते. पुढे त्याचा आवाज एखाद्या खेळात निघालाच, तर दाद मागायला त्याच्या हाती हा कागद हवा. म्हणून त्याची एक प्रत त्याच्याकडेही राहू द्यावी.